ताई, पेटीची किल्ली माझ्याकडं हाय

त्या दिवशी अंगणवाडीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीनं मनचं लिहिलं. तुमी होत्या, ताई. मी, अंगणवाडीची मदतनीस, चुलीपाशी खिचडी हलवून राहिले होते. हिंगोलीहून तपासणीला आलेल्या म्याडम खुर्चीवर बसल्या होत्या. माझी सून शांता दारात उभी होती, कडेवर लहानगं घेऊन. आन् सतरंजीवर लेकरं. कैलास, पिंकी, पवन, आमच्या तांड्यातल्या त्या दोघी जुळ्या, आन् माझी नात दुर्गा, शांताची लेक. एवढी माणसं होती. त्यातल्या तुमी तेवढ्या गेल्या.

परवा तुमची तेरवी झाली. पुसेगावाला आले होते मी. पानावरून तसंच उठू नये म्हणून दोन घास खाल्ले. निघताना भाऊंनी मला ओसरीवर थांबवलं. तुमचे मालक कधी माझ्यासंगं दोन शब्दाच्या वर बोलले न्हाईत. त्यायनं हातावर किल्ली ठेवली. म्हणले, "मावशी, ही तिच्या पदराला होती. घरातल्या कोणत्याच कुलपाला लागंना. तुमच्या अंगणवाडीची असंल."

मी म्हणलं, "व्हय, आमचीच हाय."

ॲटोत बसले. तांडा येईपर्यंत मूठ उघडली न्हाई.

तुमाला सांगायची गरज न्हाई ती कोणती किल्ली. पण हे वाचणाराला सांगावं लागंल. आमच्या अंगणवाडीत पत्र्याची निळी पेटी हाय. तिच्यात लेकरायचं सामान. घोटीव रंगीत कागद, मेणाचे खडू, डिंकाची बाटली, बोथट टोकाच्या कातऱ्या. वर्षाला एकदा येतं, एखाद्या वर्षी येत बी न्हाई. ताईनं ते सामान जपून वापरायला लेकरायला शिकवलं. आन् मग एक दिवस त्या कातऱ्या पेटीत टाकल्या आन् कुलूप लावलं. तवापासून आमचं दोघीचं भांडण. मी म्हणायची उघडा. त्या म्हणायच्या न्हाई. भांडण अर्ध्यात टाकून त्या गेल्या.

आता किल्ली माझ्या हातात हाय, ताई. तुमी असत्या तर भांडून उघडली असती. आता भांडू कोणासंगं?

तुमी पहिल्यांदा आमच्या तांड्यात आल्या तवा मला लई राग यायचा तुमचा. खरं सांगते. वयानं तुमी माझ्याहून लहान, देवळाच्या पुजेच्या घरातल्या, साडीची घडी मोडायची न्हाई तुमची. आन् लेकरायच्या बोटावर नजर ठेवून बसायच्या, जशी मांजर उंदरावर.

"कैलास, करंगळी दाखव."

"ही."

"हा अंगठा हाय, राजा."

सगळी पोरं हसायची. मग तुमी प्रत्येकाची करंगळी धरून धरून दाखवायच्या. डिंक लावायचा तो करंगळीनंच. झाकणात थोडा डिंक, त्यात करंगळीचं टोक बुडवायचं. बाकीची बोटं कोरडी पाहिजेत, कागद उचलायला.

"डिंक किती?"

"ज्वारीएवढा!"

"कणसाएवढा का दाण्याएवढा?"

"दाण्याएवढा!"

पवन एकदा म्हणला, "ताई, कणसाएवढा लावला तर दोनदा चिकटंल." तुमी तोंडाला पदर लावून हसल्या, लेकरायला दिसू दिलं न्हाई. मला दिसलं.

डाव्या गुडघ्याखाली ओलं फडकं. करंगळी पुसायची ती तिथंच, झग्याला न्हाई, सतरंजीला न्हाई, शेजारच्याच्या पाठीला तर न्हाईच. कातर बसल्याबिगर धरायची न्हाई. दुसऱ्याला देताना पातं आपल्या मुठीत आन् धरायची बाजू त्याच्याकडं. खडू तुटला तरी तो खडूच, त्याला आडवा करून घासायचा. नवा कागद मागायच्या आधी तुकड्यायच्या डब्यात हात घालून बघायचं. लेकरं कातरायला बसली की कातरीसंगं त्यायची तोंडं बी उघडायची आन् मिटायची. तुमी म्हणायच्या, "तोंड मिटा, कागद खायचा न्हाई."

आन् सगळ्यात मोठी गोष्ट, काठाकडून कातरायचं. कागदाच्या पोटात कातर घालायची न्हाई.

हितंच आपलं पटलं न्हाई.

मी म्हणलं, "ताई, फूल काय कोणी काठाला काढतं? लेकराला ते मधीच दिसतं."

तुमी म्हणल्या, "मावशी, मधून कातरलं की भवतालच्या चिंध्या होतात. मग दुसऱ्या लेकराला मी काय देऊ?"

"आधी बिघडवू तर द्या त्यायला. माझ्या पहिल्या भाकरी कुत्र्यानं खाल्ल्या, तवा कुठं हात बसला."

"पीठ होतं म्हणून बिघडवल्या. हितं बिघडवायला आणू कुठून?"

याला माझ्याकडं जवाब नव्हता. तरी मी बोलतच राहिले. तुमी बी.

एकदा खिचडी निवेपर्यंत बसलो होतो तवा तुमी सांगितलं की सासरी तुमाला पत्रावळी लावायला बसवलं होतं. नवी नवरी. सासू समोर बसायची. एका जोडाला एक काडी. दुसरी काडी उचलली की सासू हातातली पत्रावळ घ्यायची आन् उसवून परत समोर टाकायची. तोंडानं काही बोलायची न्हाई. तुमी म्हणल्या, "मावशी, मी रडत रडत शिकले. पण शिकले." मी मनात म्हणलं, म्हणूनच लेकरायच्या बोटावर एवढी नजर.

मी कशी शिकले ते बी तुमाला सांगितलं होतं, तुमी विसरल्या असाल. आमी ऊसतोडीला जायचो. माझी याडी, म्हणजे माझी आई, फडावर दुपारच्याला पाचटाच्या सावलीत बसून ओढणी भरायची. आरसे, कवड्या, लाल-पिवळा दोरा. दोऱ्याचं टोक सुद्धा फेकायची न्हाई, सुईत परत ओवायची. पण मला तिनं आधी एक चिंधी दिली आन् एक फुटका आरसा. म्हणली, हिला काय करायचं ते कर. मी ती चिंधी भोकसून भोकसून पार मेली करून टाकली. ती हसली. मग चांगलं कापड दिलं. त्याच्या पुढल्या साली याडी फडावरच गेली, ताप आला आन् दवाखाना लांब होता. बापानं तिची ओढणी माझ्या हातात दिली, बाकी काही न्हाई. दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधायला मी तिच्या जागी उभी राहिले. रडायला येळ नव्हता, आन् नंतर सवय राहिली न्हाई.

ती ओढणी मी घरच्या पेटीत ठेवली. मी मेल्यावर माझ्या अंगावर टाका, एवढंच घरच्यायला सांगून ठेवलं. कोणी वापरायची न्हाई, कोणी हात लावायचा न्हाई.

आता तो दिवस.

म्याडम येणार म्हणून तुमी लेकरायकडून दाराचं तोरण करून घेत होत्या. कागदाची पानं, प्रत्येक लेकराचं एक पान. आदल्या दिवशी तुमी लेकरायला सांगितलं होतं, पानावर लावायला घरून काही आणा. विकत न्हाई. उरलेलं, कोणी वापरत नसलेलं, आन् तेवढंच जेवढं लागंल. कैलासनं कोंबडीचं पीस आणलं. पिंकीनं पत्रिकेवरचा गणपती. दुर्गाचं पान झाकलेलंच होतं, हाताखाली.

म्याडम चांगल्या होत्या. लेकरायमधी वाकून बसल्या. दुर्गाला म्हणल्या, "तुझं दाखव की गं."

तिनं हात काढला. पानाच्या मधोमध लाल कापडाचा तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यात एक आरसा. भवती पिवळा टाका. मी चुलीपासूनच ओळखला. याडीचा टाका मला आंधळेपणी बी ओळखू येईल.

"किती सुंदर! कुठून आणलंस?"

"आजीच्या पेटीतून."

म्याडमला काही कळलं न्हाई, त्या हसून राहिल्या होत्या. तुमाला कळलं. तुमी माझ्याकडं बघितलं. दुर्गानं तुमच्याकडं बघितलं आन् घाईघाईनं सांगितलं, "ताई, काठाकडून कातरलं. पोटात न्हाई घातली. एवढंच घेतलं. कोणी वापरत न्हाई ती. बसून कातरलं, तोंड मिटून."

सगळं बराबर सांगितलं लेकरानं. तुमी शिकवलेलं एक बी विसरली न्हाई.

शांता दारातून आली. कडेवरचं लेकरू तसंच धरून तिनं दुसऱ्या हातानं दुर्गाच्या हातावर मारलं. एकदा न्हाई. "घरातली मोठी कातर घेतलीस? आज ओढणी, उद्या बोट कातरशील! कोणी शिकवलं तुला हे?" दुर्गा रडली बी न्हाई. पान खाली पडलं, ते उचलायला वाकली तर शांतानं त्याच हातावर परत मारलं.

मी कलथा खाली ठेवला. माझ्या आधी तुमी पोचल्या. दुर्गाला तुमी पाठीमागं घेतलं. तुमचा आवाज कधी चढायचा न्हाई, तवा बी चढला न्हाई.

"मी शिकवलं. मला बोल."

शांता म्हणली, "तुमालाच बोलते. लेकरायच्या हातात कातर कशाला पाहिजे? उद्या कोणाचा डोळा गेला तर तुमी देणार का?"

म्याडमपुढं बोलली ती. बाहेर दोन बाया अजून जमल्या, त्या बी म्हणल्या, व्हय, बराबर हाय, आमी लेकरं पाठवायची न्हाईत मग. तुमी म्याडमकडं बघितलं, त्या आपल्या पिशवीकडं बघून राहिल्या. मग तुमी एकेका लेकरापुढं गेल्या. पातं आपल्या मुठीत घेऊन, जसं शिकवलं तसं, लेकरायनं कातऱ्या दिल्या. तुमी त्या पेटीत टाकल्या, कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली.

तोरण लागलंच न्हाई दाराला.

लेकरं गेल्यावर मी म्हणलं, "ताई, कुलूप काहून लावलं? लेकरानं तुमचं ऐकलं म्हणून?"

तुमी सतरंजी झटकून राहिल्या होत्या. म्हणल्या, "तुमच्या आईची ओढणी होती, मावशी."

"माझी होती ना? मग मी बोलंन. मी काही बोलले का?"

"तेच तर. तुमी काही बोलल्या न्हाईत."

मला काही तकलीफ झाली न्हाई असं न्हाई. घरी जाऊन ओढणी उघडली. काठाला एक चौकोन गेलेला, सुतासारखा सरळ. शेजारचा एक टाका सुद्धा निसटला न्हाई. माझ्या याडीनं बघितलं असतं तर तिनं पोरीच्या हाताचा मुका घेतला असता. हे मी तुमाला सांगितलं, दुसऱ्याच दिवशी. तुमाला वाटलं मी तुमचं मन राखून राहिले. तुमी माझं कधी खरं मानलंच न्हाई, एवढा तुमच्या मनावर सासूचा हात बसलेला.

त्याच्यापुढं रोज तेच. मी चूल पेटवताना म्हणायची, "उघडा." तुमी हजेरी घेता घेता म्हणायच्या, "न्हाई." कधी मी चिडून म्हणायची, "कागद तरी द्या, हातानं फाडतील." कागद दिले तुमी, खडू दिले, डिंक दिला. कातर न्हाई.

बाकीची लेकरं विसरली. दुर्गा विसरली न्हाई. घरात शांता भाजी चिरायला बसली तरी ही दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहते. अंगणवाडीत डिंकाचं झाकण पुढं केलं की करंगळी मुडपून घेते. खडू दिला तर धरून बसते, कागदाला टेकवत न्हाई. मी म्हणते, काढ की. ती म्हणते, "बिघडंल." जूनमधी पहिलीत जायची हाय ती. शाळेत पाटी-पेन्सिल हातात देतील तवा काय करंल? हेच मी तुमाला शेवटच्या दिवशी म्हणलं. ॲटो आला होता, ऊन लई होतं, तुमी छातीवर हात दाबून चढल्या. मला वाटलं उन्हानं.

तुमी म्हणल्या, "उन्हाळा सरू द्या मावशी, बघू."

मी म्हणलं, "तुमचं बघू म्हणजे न्हाईच."

तुमी काहीतरी म्हणल्या. ॲटोवाल्यानं गाडी रेस केली, मला ऐकू आलं न्हाई. मग तुमाला हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला नेलं, आन् तिथून तुमी आल्या त्या अशा. काय म्हणल्या होत्या ते आता कोणाला विचारू?

किल्ली आणली तवापासून मी सकाळी अंगणवाडी उघडते, झाडते, पेटीपुढं बसते आन् उठते. शांताला कळलं किल्लीचं. ती म्हणली, "त्या बाईनं जाईपर्यंत कुलूप ठेवलं. गेलेल्या माणसाचा शब्द तरी ठेवा." ती काही वाईट न्हाई, ताई. तिला बी भ्या वाटतं. तुमच्या तेरवीला ती आली होती, मागं बसून रडली. पण तिचं बोलणं माझ्या मनात रुतलं. जिवंत माणसाचं मोडता येतं. गेलेल्याचं कसं मोडू? आन् न्हाई मोडलं तर पोरीचा हात असाच मुडपलेला राहतो. जूनमधी नवी ताई येईल, किल्ली तिच्याकडं जाईल, तिला काय ठाऊक कोणाचा हात कशानं मुडपला.

काल मी दुर्गाला संगं घेऊन गेले. तिला काही सांगितलं न्हाई. पेटीपुढं बसले आन् किल्ली लावली. म्हणलं, ताई, रागवायचं तर रागवा, तुमी रागवलेल्या बी चालतील.

कातऱ्या वरच होत्या, एका जुन्या फडक्यात बांधलेल्या. माझा हात थांबला. पाऊस-पाणी न्हाई, तरी पत्र्याच्या पेटीत लोखंड गंजतंच, आमच्या विळ्या घरात टांगून गंजतात. मला वाटलं आता तांबेरा निघंल. फडकं सोडलं तर तेलाचा वास आला. खोबऱ्याचं तेल. पात्यायला लावलेलं, मधल्या खिळ्याला लावलेलं, बोटाला लागलं माझ्या. एकदा लावलेलं एवढे महिने राहत न्हाई. तुमी लावत होत्या. मी पाण्याला गेल्यावर, माझ्या नजरेआड, पेटी उघडून तुमी कातरीला तेल लावत होत्या.

परत द्यायची नसती तर तेल कोण लावतं, ताई?

मी तिथंच बसले. दुर्गा म्हणली, "आजी, ताईच्या कातऱ्या हायेत का?" मी म्हणलं, "व्हय. ताईनं तुझ्यासाठी ठेवल्यात."

मी पातं मुठीत धरलं आन् धरायची बाजू तिच्याकडं केली. तिचे हात पाठीमागं. मी तशीच धरून राहिले. माझा हात कापायला लागला, म्हातारपणानं. तिनं ते बघितलं. मला वाटतं माझी कीव आली तिला. तिनं घेतली.

मग सतरंजीवर बसली. उठली, फडकं ओलं करून आणलं, डाव्या गुडघ्याखाली ठेवलं, परत बसली. मी एक अख्खा हिरवा कागद दिला. म्हणली, "काठाकडून का पोटातून?"

मी म्हणलं, "तुला फूल कुठं दिसतं?"

तिनं मधोमध बोट ठेवलं. मग कातरीचं टोक तिथं टेकवलं, दाबलं. बोथट कातर, कागदाच्या पोटात घुसंच ना. कागद नुसता चुरगाळला. ती माझ्याकडं बघून राहिली, मी तिच्याकडं. मग तिनं कागद फिरवला, काठाकडून आत शिरली, आन् आत गेल्यावर वळवत वळवत फूल काढलं. वाकडंतिकडं, एक पाकळी तुटलेली. कागद सगळा वाया. तोंड उघडत-मिटत होती.

आपलं भांडण कोण जिंकलं, मला कळलं न्हाई. तुमी असत्या तर म्हणल्या असत्या, बघा, काठाकडूनच जावं लागलं. मी म्हणले असते, पण फूल मधीच निघालं ना. मग तुमी त्या उरलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकल्या असत्या. त्या मी टाकल्या, ताई. करंगळीएवढा तुकडा सुद्धा खाली ठेवला न्हाई. एवढं तुमचं माझ्या हातात राहिलं.

तुमाला मी कधी बरं म्हणलं न्हाई. आमच्यात म्हणत न्हाईत. माझ्या नातीवरचा राग तुमी अंगावर घेतला, म्याडमपुढं, सगळ्या तांड्यापुढं. ते मी विसरले न्हाई.

तुमी विचारायच्या, बिघडवायला आणू कुठून. त्याचा जवाब मला आता सुचला, येळ गेल्यावर. म्हणून हे वाचणाराला माझं एवढं मागणं हाय. तुमच्या घरी लग्नाच्या पत्रिका पडलेल्या असतील, वह्यायची कोरी पानं, कापडाचे काठ, खोके असतील, ते चुलीत घालू नका. जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या. लेकरायला शिकायच्या आधी बिघडवायला काहीतरी लागतं. आन् तुमच्या लेकरानं घरातलं काही कातरलं तर हातावर मारू नका. आधी त्याला विचारा, कसं कातरलं.